राखणदाराची दहा मिनिटं

सकाळी नऊला टपालाचा थैला कॅरिअरला आवळून
मी निवतीहून सुटतो.
घाटी चढेपर्यंत येझदीची काही तक्रार नसते.
सड्यावर आलं, की राखणदाराच्या घुमटीजवळ
ती आधी खोकते,
मग मूठ कितीही पिळा, ओढत नाही,
मग नुसती घरंगळत जाऊन
बरोबर घुमटीसमोर गप्प.

एकदा नव्हे. अठरा दिवस.

भागीरथी काकी म्हणाली, "त्याची वाट ती. फुकट कशी जातलंस?
विडी ठेव, हात जोड."
विडी ठेवली. हात जोडले.
दहा मिनिटं दगडावर बसलो, किक मारली,
आणि गाडी सुरू!
आता सांगा, मी काय समजायचं?

तरी रविवारी पडवीत जुना पेपर अंथरून
कार्बोरेटर खोलला.
दिगंबर कोचरेकर बोटीवर गेल्यापासून
दोन वर्षं झापांखाली पडून होती ही गाडी.
खाऱ्या वाऱ्यानं ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशी धरलेली,
वाटीच्या तळाशी तांबेरा, वाळूएवढा.
फ्लोट कानाशी धरून हलवला: आत पेट्रोल नाही.
सुई बघितली. जाळी धुतली.
मेन जेट उन्हात धरला तर
पलीकडे एक एवढंसं आभाळ, स्वच्छ.
पायलट जेटला तांब्याची तार लावणार
तर बस्त्याव मेस्त्रीचं बोलणं आठवलं,
"तार नको, भोक मोठा जाता. तंगूस घाल."
मासे धरायचा तंगूस घातला. मोकळा होता तोही.
शेवटी टाकीचं झाकण काढलं, आत डोकावलो,
नळी बाटलीत सोडली.
धार, गाईच्या धारेसारखी.

सोमवारी सड्यावर पुन्हा गप्प.

मग मात्र परुळ्याला बस्त्यावच्या दारात उभा राहिलो.
त्यानं पाना उचललाच नाही.
विचारलं, "बंद पडता खंय?"
घुमटीपाशी.
"आणि सुटतंस खंयसून?"
घरून.
"रोज?"
रोज.
तो मागे बसला. "आज हयसून सूट. चिपीच्या वाटेन."

पाच किलोमीटरवर, काजीच्या बागेच्या गडग्याशी,
जिथे ना देव ना दगड, फक्त एक म्हैस,
तिथे ती खोकली.
बस्त्याव खाली उतरला, टाकीला कान लावला,
आणि झाकण हळूच फिरवलं.

सुस्स.

टाकीनं आत ओढलेला तो श्वास
मी अजून विसरलेलो नाही.
कोणी पाण्यातून डोकं वर काढावं तसा.

"नारळाक एकच भोक पाडून उपडो कर," तो म्हणाला,
"पाणी येता? गडग गडग करून रवता.
वर वारो जावक होयो, तर खाली कायतरी उतरतला.
देवाक कित्याक बोल लावतंस?"
झाकण उलटं केलं. हवेच्या छिद्रावर
मातीचा गुळगुळीत बुंधा, करंगळीच्या नखाएवढा.
कुंभारीण माशीचं घर.
तपासताना मी दर वेळी झाकण उघडून बघायचो,
म्हणून दर वेळी धार यायची!
सुईनं माती कोरली.
आत वाळलेल्या दोन हिरव्या अळ्या,
आणि पेट्रोलच्या वासात
जन्मालाच न आलेली एक माशी.

बस्त्यावनं पैसे घेतले नाहीत. म्हणाला,
"विडये हत मा? एक हाड."

आता गाडी सड्यावरून सरळ जाते.
टपाल वेळेवर पोचतं, साहेब खूश.
घुमटी डाव्या हाताला येते आणि मागे पडते,
त्या दगडावरून दिसणारा दर्या, दीपगृहाचा खडक,
परतणाऱ्या होड्यांमागची घारींची रांग
नुसती डोळ्याच्या कोपऱ्यात.

शुक्रवारी घाटी संपल्यावर
मी वाकून पेट्रोलचा कॉक बंद केला.
वाटीत उरलेलं किती जातं
ते मला आता पाठ आहे.
ती खोकली, घरंगळली,
घुमटीसमोर थांबली.
खिशात विडी होतीच.